आईचं धुराडं आणि स्टीलचा पाइप

आमच्या घरात गॅस आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण चुलीचं नाव काढलं की शहरातली माणसं लगेच कीव करायला लागतात. शेगडी आहे, सिलिंडर आहे, त्यावर चहा होतो, दूध तापतं, पाहुणा आला तर पोहेही होतात. पण भाकरी, आमटी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. लाकूड आमच्या बांधावरचं, त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. शिवाय आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चार महिने घरातली प्रत्येक वस्तू ओली असते. मीठ ओलं, काडेपेटी ओली, गोधड्या ओल्या. गॅसवर गोधडी वाळत नाही. आणि हीच शहरातली माणसं धरणाच्या रस्त्याला ‘चुलीवरची भाकरी’ अशी पाटी दिसली की गाडी थांबवून रांग लावतात. तेव्हा कीव कुणी कुणाची करायची ते त्यांनी ठरवावं.

पासलीहून वर चढत गेलं की आमची वाडी लागते. घरात आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी वेल्ह्याला शाळेत विज्ञान शिकवते. उत्रोलीला मामाच्या घरी राहून भोरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कुणी नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. लग्न झालेलं नाही. त्याची कारणं या लेखात यायची गरज नाही.

थोरला भाऊ पुण्याला असतो. आयटीआय करून कंपनीत लागला, स्वतःच्या हिमतीवर सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो शिमग्याला आला तेव्हा आई चुलीपुढं बसून खोकत होती. एक भाकरी थापायची, खोकायचं, पदर तोंडाला लावायचा, दुसरी भाकरी थापायची. त्याआधीच मी तिला डॉक्टरांकडे नेऊन आणली होती. छातीत वर्षानुवर्षांचा धूर बसलाय, औषध देतो, पण घरातला धूर बंद झाला नाही तर औषधाचा काही उपयोग नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. मी ते दादाला सांगितलं. तो ताटावरून उठलाच.

“मग झालं तर. आई, उद्या माझ्याबरोबर चलायचं.”

“कुठं?”

“पुण्याला. तिथं धूर नाही.”

“मला न्यायचं आसंल तर चुलीसकट न्ये,” आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आई एकदा महिनाभर पुण्याला राहून आली होती. दादा-वहिनींनी तिला फुलासारखं जपलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण तिला दिवसभर काही काम नव्हतं. लिफ्टमध्ये एकटीनं बसायला ती घाबरायची, म्हणून खाली जायचं तर कुणी घरी यायची वाट बघायची. परत आल्यावर ती मला म्हणाली होती, “तितं समदं हाय गं. आपुन सोडून.” आईला तिथं जायचं नव्हतं, आणि हितं राहिली तर धूर तिला राहू देत नव्हता. सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं.

“मी धूर बंद करते,” मी दादाला म्हणाले.

“तू? कॉलेजला गेलीस म्हणून धूर तुला घाबरणार आहे का?”

“धुराड्यात पाइप घालते. आतून. मग धूर घरात येणारच नाही.”

दादा हसला. मग हसायचा थांबला, कारण मी हसत नव्हते. शेवटी म्हणाला, “गणपतीला येतो. तेव्हा ती अशी खोकत असली तर गाडीत बसवून नेणार. मग तुझं काही चालायचं नाही.”

“आणि खोकत नसली तर?”

“तर नाही नेत.”

मी कबूल झाले. आई शेजारीच राख ओढत होती.

आता आमच्या धुराड्याबद्दल सांगायला हवं. वाडीत बहुतेक घरांना धुराडं नाहीच. धूर चुलीतून निघतो, घरभर फिरतो, पोटमाळ्यावर जातो आणि कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडतो. हे अडाणीपणानं नाही. आमच्याकडे धूर हा कामाचा गडी आहे. पोटमाळ्यावर ठेवलेलं भाताचं बी, नाचणीची कणसं, कुळीथ, सगळं त्या धुरावर कोरडं राहतं, कीड लागत नाही. वासे आणि रिपा काळ्या कुळकुळीत होतात, त्यांना भुंगा शिवत नाही. आमच्या पावसात धुराशिवायचं छप्पर कुजतं, असं आमची माणसं मानतात, आणि ते खोटं नाही. फक्त या सगळ्या हिशेबात चुलीपुढं बसणाऱ्या बाईची छाती कुणी धरलेली नाही.

माझ्या वडिलांनी धरली होती. घर नव्यानं बांधताना त्यांनी चुलीच्या मागून वर कौलांपर्यंत विटांचं धुराडं उभं केलं. सगळी वाडी त्यांना हसली. धूर बाहीर घालवतोय, आता बी काय उन्हात सुकवनार का श्रावनात? आई स्वतःच चिंतेत पडली. शेवटी वडिलांनी पोटमाळ्याच्या उंचीवर धुराड्याची एक वीट काढली आणि तिथं भोक तसंच ठेवलं. म्हणजे धुराडंही झालं आणि बियाला धूरही मिळाला. पुढं विटांमधली माती झडत गेली, भेगा पडल्या, आणि धुराडं हे नावाचंच उरलं. धूर त्यात शिरायचा आणि चारही बाजूंनी घरात परत यायचा.

यावरचा इलाज मला मोबाईलवर सापडला. थंड मुलखातले लोक जुन्या धुराड्यात आतून पाइप सोडतात. त्याला लायनर म्हणतात. विटा जागच्या जागी राहतात, धूर पाइपातून थेट आकाशात जातो. व्हिडिओत गुडघाभर बर्फात उभी राहिलेली माणसं चकचकीत पाइप सरसर आत सोडत होती. त्यांच्या छपरावर बर्फ, आमच्या छपरावर वानरं. पण धूर तिकडचा काय नि इकडचा काय, वर जायची वाट मिळाली तर वरच जातो.

आधी धुराडं आतून कसं आहे ते बघायला हवं होतं. मी शिडी लावून छपरावर चढले. खाली तात्या, म्हणजे माझे चुलते, तंबाखू मळत उभे. शेजारीच राहतात. वाडीतल्या निम्म्या घरांची शाकारणी तेच करतात. कौलांच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा.

“अगं खाली उतर. बाईमानसानं आढ्यावर चढू न्हाई. खाली देव्हारा हाय.”

“तात्या, वानरं रोज चढतात. त्यात माद्या नसतात का?”

“वानराची बरुबरी करतीस व्हय?”

“वानरांनी कौलं फोडली, मी मोजमाप घेते. बरोबरी कुठं होते?”

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. ती तोंडात असली की ते बोलत नाहीत, म्हणून माझं काम झालं. मी गोडेतेलाच्या रिकाम्या गोल डब्याला दोरी बांधली आणि तो धुराड्यात सोडला. अर्ध्यावर गेला नि अडला. जरा हलवला तर तिरका होऊन पुढं सरकला. वडिलांनी पोटमाळ्याची तुळई चुकवायला तिथं धुराडं थोडं वळवलं होतं. म्हणजे सरळसोट एकच पाइप आत जाणार नव्हता. डब्याएवढा रुंद पाइप बसेल, तुकड्यांत करावा लागेल, आणि मधला एक तुकडा किंचित वाकडा लागेल, एवढं मला कळलं. मग खाली येऊन चुलीचं तोंड मोजलं, वैलाचं, म्हणजे शेजारच्या जोडचुलीचं, भोक मोजलं, आणि रविवारी भोर गाठलं.

पहिल्या दुकानात, हार्डवेअरच्या, मालकानं माझं पूर्ण ऐकायच्या आत सिमेंटचा पाइप काढून दाखवला. मी म्हटलं, हा पाण्याचा पाइप आहे, आगीच्या तोंडाशी तडकेल. मग त्यानं जस्ताचा पत्रा दाखवला. मी म्हटलं, लाकडाच्या धुरात आंबट पाणी असतं, जस्त खाऊन टाकेल, दोन पावसाळे टिकणार नाही. मग त्यानं गिझरला लावतात तसला ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप ताणून दाखवला. तो तर मी बोटानं दाबला आणि तो दबला.

“मॅडम, असं करा,” तो म्हणाला, “मिस्टरांना घेऊन या. त्यांना समजावून सांगतो.”

“मिस्टर नाहीत. माप आहे. मापाशी बोला.”

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. मालकानं ॲल्युमिनियमचा पाइप परत दाबून बसवला आणि रागानंच मला एका फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता सांगितला. रागानं सांगितला तरी पत्ता खरा निघाला.

हा माणूस हॉटेलांच्या भटारखान्याच्या चिमण्या करायचा. शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. मी माझा कागद पुढं केला.

“कुठल्या हॉटेलला?” त्यानं काच वर करून विचारलं.

“आईच्या.”

“कुठं आलं हे?”

“पासलीच्या वर. गिऱ्हाईक दोनच. एक मी आणि एक ती स्वतः.”

तो हसला आणि मग नीट बोलला. तीनशेचार नंबरचं स्टील घ्या, किचनमध्ये तेच चालतं, धूर आणि वाफ दोन्ही सोसतं. पाइपाचे तुकडे करून देतो, प्रत्येकाचं एक तोंड जरा आवळून देतो म्हणजे एकात एक बसतील. मधला तुकडा वाकवून देतो. वर टोपी देतो. मी सांगितलं, टोपी अशी पाहिजे की वानरांनी ओढली तरी उपटता कामा नये. त्यानं मान हलवली, म्हणाला, ही मागणी पहिल्यांदाच ऐकतोय. आणि टोपीला खरोखरच चार तंगड्या रिव्हेट करून दिल्या.

पाइप टेम्पोतून आले. विंझरला चहाला थांबलो तर तिथं बसलेल्या बाप्यानं विचारलं, “काय बाई, रॉकेट उडवता का काय?” मी म्हटलं, “व्हय. धूर चंद्रावर सोडायचाय.”

पण खरं भांडण घरात झालं, आणि ते पाइपावरून नव्हतं, त्या काढलेल्या विटेवरून होतं. पाइप घातला की ते भोक बंद करायला लागणार होतं. वीट आणि मातीचा गोळा घेऊन मी पोटमाळ्यावर चढले तर आई शिडीच्या खालच्या पायरीवर उभी.

“त्ये भोक न्हाई बुजवायचं.”

“आई, भोक ठेवलं तर पाइप घालून उपयोग काय?”

“तुज्या बापानं ठिवल्यालं हाय त्ये.”

“बापानं लोकांच्या हसण्याला भिऊन ठेवलंय. आणि तुझ्या रडण्याला.”

“मग? बी किडलं तर? यंदाचं पेराया जाईल, फुडल्या साली काय करशील?”

“आणीन बियाणं.”

“पिशवीतलं?” आई अशी म्हणाली, की जणू मी चोरीचं आणीन म्हटलंय. “आमच्या बियाला काय रोग झालाय गं? तुज्या आज्याच्या येळंपास्नं चाललंय त्ये. आन् वासं? वासं काय पिशवीतलं आननार हायेस?”

मी खाली उतरले. तिच्यासमोर उभी राहिले. “आई, बी राखायचं का तुला राखायची? एक सांग.”

खोकला आला तिला. खोकून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बुजीव. पर बी किडलं तर तुज्या नावानं बोंब मारीन समद्या वाडीत.” मी वर जाऊन वीट बसवली.

मे महिन्यात तात्यांनी आढ्याजवळची कौलं उतरवली आणि आम्ही पाइप सोडायला घेतला. तात्या वर, मी त्यांच्याजवळ, खाली चुलीपाशी आई. पहिला तुकडा दोरीनं आत सोडला. दुसरा त्यावर बसवताना प्रश्न आला की कुठलं तोंड कुठं घालायचं. वरचा तुकडा खालच्याच्या आत जाऊ द्यायचा, की वरच्यानं खालच्याला बाहेरून झाकायचं?

तात्यांना प्रश्नच पडला नाही. “वरचं खालच्यावर. कौलासारखं. मजी पानी भायेरनं निघून जातं.”

खालून आईही म्हणाली, “व्हय, कौलासारखंच.” मीही हो म्हटलं. आमच्या मुलखात याच्याशिवाय दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नाही. कौल असं, छपराचा पत्रा असा, गवताची पेंढी अशी, डोक्यावरचं इरलंसुद्धा असंच. वरचं खालच्याला झाकतं. चार महिने वरून पाणी कोसळणाऱ्या गावात मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं. एकेक तुकडा आम्ही तसाच बसवला, स्क्रू आवळले, वाकडा तुकडा तुळईजवळ बरोबर वळला. पाइप आणि विटांच्या मध्ये भाताच्या तुसाची राख कोरडी कोरडी भरली, म्हणजे पाइप गरम राहील आणि धूर चटकन वर ओढला जाईल. वर टोपी, आणि पाइप कौलांतून बाहेर निघतो तिथं भोवती पत्र्याची कॉलर. तात्या खाली उतरून म्हणाले, “आता इंद्रानं पिंप वतलं तरी थेंब आत यायचा न्हाई.”

आईनं चूल पेटवली. तिनं फुंकणी हातात घेतली होती, ती लागलीच नाही. धूर जाळाच्या मागं वळला आणि सूं करून निघून गेला. आम्ही तिघंही वर बघत राहिलो. पोटमाळ्यावर धुराचा एक धागासुद्धा नव्हता. आईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, जरा संशय होता. “ह्यो जातोय कुठं?” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन टोपीकडं बघून आली.

जून बरा गेला. आईचा खोकला उतरला, निम्म्यावर आला म्हणा. दादाचा फोन आला की मी मुद्दाम फोन आईच्या हातात द्यायचे.

जुलैत मात्र भानवशीच्या, म्हणजे चुलीमागच्या कट्ट्याच्या, वर भिंतीला एक काळा ओघळ दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. डांबरासारखा घट्ट, जळका वास. एक थेंब आमटीत पडला आणि ती ओतून द्यावी लागली. त्या वासानं आईचा खोकला परत आला, पहिल्यासारखा. तात्यांनी बघितलं नि निकाल दिला, “कॉलर फुटलीया. पाऊस शिरतोय.” भर पावसात चढून त्यांनी कॉलरीभोवती सिमेंट थापलं. ओघळ थांबला नाही. पुन्हा थापलं. आता तीन ओघळ झाले. तेवढ्यात दादाचा फोन आला आणि फोन माझ्या हातात असतानाच मागं आई खोकली.

“ऐकू येतंय मला,” दादा म्हणाला. “गणपतीला तिची पिशवी भरून ठेव.”

मी फोन ठेवला. वाडीत तोवर बातमी गेलीच होती. पाणी भरताना एक काकू म्हणाली, “मास्तरीणबाईचं धुराडं रडतंय म्हनं.” मी हंडा डोक्यावर घेतला आणि म्हटलं, “रडू दे. पुसायला मी आहे.” घरी येऊन मात्र मला काही सुचत नव्हतं.

मग श्रावणात उघडीप आली. तीन-चार दिवस लख्ख ऊन. मी शाळेतून आले आणि भिंतीकडं बघितलं. ओघळ ताजा होता. बोट लावलं, ओलं. आकाशातून थेंब नाही आणि भिंतीतून पाणी चालूच. मी तिथंच चुलीपुढं बसले. पाऊस नाही तर हे पाणी आलं कुठून? लाकडातून. पावसाळ्यातलं लाकूड कितीही वाळलेलं म्हटलं तरी आतून ओलं. ते पाणी वाफ होऊन धुराबरोबर वर जातं, वरच्या थंड पाइपाला लागतं, काजळी घेऊन आतल्या आत खाली उतरतं. खाली उतरताना जिथं जोड आहे तिथं काय होतं? वरचा पाइप बाहेरून झाकतोय. म्हणजे वरच्याच्या आतल्या अंगानं आलेलं पाणी खालच्याच्या आत जातच नाही, बाहेर सांडतं. राखेत, विटेत, भिंतीत.

मी उठून तात्यांकडं गेले. “तात्या, कौलाला पाणी बाहेरून येतं. धुराड्याला आतून येतं. आपण उलटं बसवलंय.”

“आत्ता गं? म्या सगळी हयात कौलं शाकारली. बीएस्सीला काय शाकारनी शिकिवत्यात का?”

“शाकारणी नाही शिकवत. पाणी खाली जातं एवढं शिकवतात. चला अंगणात.”

उरलेले दोन तुकडे परड्यात पडले होते. ते मी बसवले होते तसेच एकावर एक जोडले, तात्यांना उभे धरायला लावले आणि वरून आतल्या कडेनं तांब्याभर पाणी सोडलं. पाणी जोडाशी आलं आणि तात्यांच्या धोतरावर सांडलं. मग तेच तुकडे उलटे केले, वरच्याचं आवळलेलं तोंड खालच्याच्या आत. परत तांब्या ओतला. पाणी जोड ओलांडून सरळ खाली गेलं.

तात्यांनी धोतर पिळलं. “आन् पाऊस?”

“पावसाला वर टोपी आहे, कॉलर आहे. आत त्याचं काम काय?”

“मग मे म्हयन्यात का न्हाई बोललीस?”

“मे महिन्यात तुम्ही म्हणालात कौलासारखं.”

“आन् तू व्हय म्हनलीस!”

“आईपण म्हणाली.”

“मजी घरातली सगळीच शहानी,” तात्या म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

उघडीप कधी मोडेल त्याचा नेम नव्हता. टोपी काढली, तुकडे दोरीनं एकेक वर ओढले. काजळीनं आम्ही दोघंही ओळखू येईनासे झालो. धुराड्याच्या पायथ्याशी काजळी काढायला ठेवलेलं छोटं दार उघडून सगळी चिकट राख बाहेर काढली. पण आता भरायला कोरडी राख कुठली? तुसाची राख उन्हाळ्यात मिळते, श्रावणात नाही. मी विचार करत उभी होते तर आई आतून पत्र्याचा मोठा डबा ओढत आली. कडधान्यात मिसळायला ती राख चाळून साठवून ठेवते, किड्याला चांगली असते. धूर बंद झाल्यावर तिनं बियाची सगळी भिस्त याच डब्यावर ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

“आई, ही बियाची आहे ना?”

“भर गुमान. लई इचारतीस.”

तेच तुकडे आम्ही उलटे करून पुन्हा आत सोडले. आवळलेलं तोंड खाली, खालच्याच्या आत. आईची राख भोवती भरली. शेवटचं कौल बसवताना डोंगराच्या अंगानं ढग खाली उतरत होते.

त्यानंतर भिंतीवर नवा ओघळ आला नाही. जुने काळे डाग मी चुन्यानं झाकले नाहीत. राहू देत.

गणपतीला दादा आला, वहिनी, पोरं, सगळे. घरात शिरल्याबरोबर त्यानं नाक वर करून वास घेतला, मग चुलीकडं, मग पोटमाळ्याकडं बघितलं. चूल पेटलेली होती, उकडीच्या मोदकांचं पातेलं वर होतं आणि आमच्या घरात पहिल्यांदा गणपतीच्या दिवशी कुणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. त्याला ते बोलायचं नव्हतं, पण त्यानं धुराड्याच्या विटेवर हात ठेवून बघितला. पाइप आत गरम होता, वीट नुसती कोमट.

आरती झाली. आणि जेवताना आई खोकली.

फार नाही, दोनदाच. पण खोकली. दादानं घास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. “ठरलं होतं,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “धूर नाहीये. तू स्वतः बघितलंस. इतक्या वर्षांची छाती चार महिन्यांत धुवून निघत नाही, डॉक्टरांना विचार.”

“ठरलं काय होतं? खोकत असली तर. धुराचं नव्हतं ठरलं.”

तसं बघितलं तर तो खरं बोलत होता. मला राग आला तो त्यामुळंच. मी काही बोलणार तेवढ्यात आईनं भाताचं पातेलं खाली आपटलं.

“तुमी दोघांनी पैज लावली,” ती म्हणाली, “मला इचारलं का? शिमग्याला म्या हितंच बसल्याली. ह्यो म्हनला नेतो, ही म्हनली न्हाई नेऊ देत. म्या काय म्हस हाय का, दावं कुनाच्या हातात म्हनून?”

वहिनी खाली बघून हसत होती, ते मला दिसलं.

“खोकला हाय. हाय तर हाय. माजा हाय. पैल्यापरीस कमी हाय, त्ये मला ठावं, कारन रातीची म्या झोपते, तुमी न्हाई झोपत माज्या छातीत. आन् तू गं,” ती माझ्याकडं वळली, “भोक बुजवाया आलीस तवा माज्याशी भांडलीस तरी. त्येवडं बरं केलंस. ह्याच्यासंगट ठरिवताना का न्हाई भांडलीस?”

मी भाताचा डाव हातात घेतला. दादानं ताटातला उरलेला घास संपवला. मग म्हणाला, “मग तुझं काय म्हणणं आहे?”

“पुन्यातला मोठा डाक्तर दाखीव. येते मी त्येला दाखवाया. दाखवून झालं की हितं आनून सोड. आन् तू गं, वाढ आता त्येला भात, ताट मोकळं हाय.”

नाचणीच्या दोन कणसांना यंदा कीड लागली. वाशांना भुंगा लागू नये म्हणून मी मे महिन्यात काजूच्या टरफलांचं तेल लावणार आहे आणि त्याच वेळी पाइप वरून घासून काढणार आहे, स्वतः चढून. ज्यांना देव्हाऱ्याची काळजी वाटत असेल त्यांनी तेव्हा खाली उभं राहून शिडी धरावी.

गौरी-गणपती बोळवल्यावर दादा निघाला. मोठ्या डॉक्टरांची वेळ दसऱ्यानंतरची मिळाली होती, तरी पुढची सीट त्यानं आईसाठी मोकळी ठेवली होती. ती आत्ताच येईल असं शेवटपर्यंत त्याला वाटत असावं. आई हातात काहीच पिशवी न घेता गाडीपाशी आली. तिच्यामागून तात्या इंद्रायणी तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आले आणि आईनं ते पुढच्या सीटवर ठेवायला लावलं.

“पट्टा लाव त्येला,” ती दादाला म्हणाली. “वाटंत वळनं लई हायेत.”

दादानं मान हलवली, हसू दाबलं आणि पोत्याला पट्टा लावला.